हरियालाचे पाय बघितलेस का?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची प्रकल्पाची वही घेऊन आली आणि माझ्या लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसली. ती पाचवीत आहे. विषय होता 'महाराष्ट्राची मानचिन्हे': राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण, राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन आणि २०२३ मध्ये या यादीत येऊन बसलेला राज्यमासा, म्हणजे आपलं चंदेरी पापलेट. प्रत्येकाचं एक चित्र चिकटवायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या. चित्रं कुठून काढायची तेही बाईंनी सांगून ठेवलं होतं. खास शाळकरी मुलांसाठी केलेलं एक शोधयंत्र होतं, त्यात वावगं काही दिसत नाही म्हणे.

तिनं 'पापलेट' टाइप केलं. पडद्यावर ताटं आली. रवा लावून तळलेली पापलेटं, हिरव्या वाटणातली पापलेटं, केळीच्या पानावर लिंबाच्या फोडीशेजारी आडवी झालेली पापलेटं. मग तिनं 'ताम्हण' शोधलं, तर तांब्याची चकचकीत ताम्हणं आली, सोबत पळी आणि पंचपात्र. 'आंबा' शोधल्यावर पेट्या आल्या, आमरसाच्या वाट्या आल्या. झाड काही येईना.

"मामा, ह्यांना सगळं जेवायच्या नाहीतर पूजेच्या ताटातच का दिसतं?"

प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि त्यात माझ्याही डोक्यातल्या बऱ्याच गोष्टींची जळमटं निघाली.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात दोरीवर चिमट्यानं लटकवलेले तक्ते असत: 'पक्षी', 'रानटी प्राणी', 'थोर पुरुष', 'वाहतुकीची साधने'. एका तक्त्यावर डझनभर चौकोनी चित्रं आणि मागच्या बाजूला माहिती. कात्रीनं कापायचं, डिंक लावायचा, वहीत चिकटवायचं, की मागची माहिती कायमची गायब. त्या तक्त्यावर गरुड एकच असे. तो गरुडच आहे की घार, हे विचारायची पद्धत नव्हती, कारण दुसरा गरुड बघायलाच मिळत नसे. निवड छापणाऱ्यानं आधीच करून ठेवलेली असायची. आता एका शब्दाला हजार चित्रं येतात आणि ती निवड दहा वर्षांच्या पोरीवर पडते. तक्त्याच्या काळापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे, आणि ते अवघड आहे हे तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

मुळात संगणकावर चित्र शोधायची सोय काही मुलांच्या प्रकल्पांसाठी निघाली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी पुरस्कारांच्या सोहळ्याला गायिका जेनिफर लोपेझ व्हर्साचेचा हिरवा, खोल गळ्याचा झगा घालून गेली. दुसऱ्या दिवशी तो झगा बघण्यासाठी लोक गूगलवर तुटून पडले आणि गूगलकडे दाखवायला होत्या फक्त मजकुराच्या निळ्या ओळी. जुलै २००१ मध्ये त्यांनी चित्रांचा शोध सुरू केला तेव्हा त्यात सुमारे २५ कोटी चित्रं होती. एका झग्यापायी निघालेली ही सोय आज शेकरू शोधायला वापरली जाते.

मुलांसाठी वेगळी शोधयंत्रं निघाली ती अर्थातच असल्या चित्रांच्या धास्तीनं. 'किडल' हे त्यातलं २०१४ मधलं एक. नाव आणि रूप गूगलसारखं असलं तरी ते गूगलचं नाही. आतली यंत्रणा मात्र गूगलच्या तयार शोधावर चालते. त्यात पहिले दोनतीन निकाल मुलांसाठीच लिहिलेल्या आणि संपादकांनी निवडलेल्या पानांचे असतात, पुढचे सोप्या भाषेतल्या भरवशाच्या पानांचे, आणि त्यानंतरचे गाळून घेतलेले. ब्रिटानिकाचं 'इमेजक्वेस्ट' वेगळ्या वाटेनं गेलं. ते इंटरनेटभर हिंडतच नाही. नामवंत संग्रहांकडून हक्कांसकट घेतलेली लाखो चित्रं, प्रत्येकाखाली ओळख आणि श्रेय, आणि शाळेनं वर्गणी भरली तरच दार उघडतं. पहिलं चाळणी लावलेलं बाजारातलं दुकान म्हणा, दुसरं वाचनालय. पालकांना दोन्ही 'मुलांसाठीचं गूगल'च वाटतात, पण फरक मोठा आहे.

चाळणीचंही एक शास्त्र आहे आणि त्यात गमतीही आहेत. वाईट शब्दांची यादी करायची आणि त्यातला शब्द दिसला की दार बंद करायचं, ही सगळ्यात जुनी रीत. २०२० मध्ये जीवाश्म अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांची एक मोठी परिषद ऑनलाइन भरली. प्रश्नोत्तरांच्या खिडकीला अशीच तयार चाळणी लावलेली होती आणि तिनं 'बोन' हा शब्दच अडवला. डायनोसॉरवर बोलायला जमलेली मंडळी आणि त्यांना 'हाड' म्हणायला बंदी! पक्षिनिरीक्षकांचं दुखणंही तेच आहे. 'टिट' आणि 'बूबी' ही पक्ष्यांची साळसूद इंग्रजी नावं, पण चाळणीला ती भलतीच ऐकू येतात. हल्लीच्या चाळण्या शब्दांबरोबर चित्रही तपासतात, त्यामुळे असले विनोद कमी झालेत.

पण चाळणी अडवते ती घाण. चूक तिच्यातून आरामात खाली येते. तळलेलं पापलेट पूर्णपणे सात्त्विक चित्र आहे (सामिष असलं तरी), त्याला कोणती चाळणी अडवणार? वेगळ्याच जातीच्या खारीचा 'शेकरू' म्हणून लावलेला फोटोही तसाच निरागस. बाईंनी 'इथं वावगं काही दिसत नाही' असं सांगितलं ते खरं होतं. भाचीनं ते 'इथं चुकीचं काही दिसत नाही' असं ऐकलं.

आता ताटांचं कोडं. शोधयंत्राला पापलेट ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतं ते चित्राच्या आजूबाजूचं लिखाण: फाइलचं नाव, चित्राखालची ओळ, अंधांसाठी लिहिलेलं वर्णन, पानाचं शीर्षक, जवळचा परिच्छेद. हे शब्द ज्या चित्राच्या शेजारी वारंवार सापडतात ते चित्र त्या शब्दाचं, असा साधा हिशेब. मग मराठीत 'पापलेट' हा शब्द लिहितं कोण? पाककृती लिहिणारे. मत्स्यशास्त्राचे अभ्यासक त्याच माशावर लिहितात, पण इंग्रजीत. 'ताम्हण' मराठीत लिहितात ते पूजासाहित्य विकणारे. यंत्रानं मराठीला ताटाशी बांधलेलं नाही. मराठीत आपण जे लिहून ठेवलं तेच ते वाढतंय. कोळी शोधावा तर आठ पायांचा येईल की होडीतला, हेही त्यावरच ठरतं.

हे शब्दांचं झालं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत यंत्रं चित्र 'बघायला'ही शिकली आणि तिथंही गाठ पडते ती भाषेशीच. २००९ मध्ये फेई-फेई ली आणि सहकाऱ्यांनी 'इमेजनेट' नावाचा संग्रह पुढे आणला. पुढे तो १ कोटी ४० लाख चित्रांवर गेला आणि प्रत्येक चित्राला इंटरनेटवरच्या मजुरांनी हातानं नावं लावली होती. नावांची यादी घेतली होती एका इंग्रजी शब्दकोशी संग्रहातून. २०१२ मध्ये याच चित्रांवर शिकलेल्या 'ॲलेक्सनेट'नं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना इतकं मागे टाकलं की सगळ्या क्षेत्राची दिशाच बदलली. त्या स्पर्धेत वस्तूंचे आणि प्राण्यांचे एक हजार वर्ग होते. त्यात कुत्र्यांच्याच जाती शंभराहून अधिक. झाडावरच्या खारीची जात एकच, तीही अमेरिकेतली फॉक्स स्क्विरल. म्हणजे तेव्हाच्या या हुशार यंत्रापुढे भीमाशंकरचं शेकरू धरलं असतं, तर हजार नावांतून त्याला जवळचं म्हणून ती अमेरिकन खारच निवडावी लागली असती. आताची यंत्रं कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या ओळी एकत्र वाचून शिकतात, त्यामुळे ती पुष्कळ सुधारलीत. पण ज्या गोष्टीबद्दल जगात कमी लिहिलं गेलं, ती गोष्ट यंत्राला कमीच दिसते.

यावर उपाय आहे आणि तो मुलांना चटकन जमतो. शब्द वाढवायचे. 'पापलेट' ऐवजी 'पापलेट मासा समुद्र', 'ताम्हण' ऐवजी 'ताम्हण फूल झाड'. मोठ्या शोधयंत्रांत नको असलेल्या शब्दाआधी वजाबाकीची खूण लावली की तो शब्द असलेली पानं वगळली जातात. 'पापलेट' लिहून पुढे वजा 'रेसिपी' केल्यावर अर्धी ताटं उठली. भाचीला ही वजाबाकी इतकी आवडली की पुढचा तासभर ती नुसती काही ना काही वजा करत होती.

खरी किल्ली मात्र शास्त्रीय नावाची. एरवी शाळेत घोकायचा ओझ्याचा प्रकार वाटणारं हे नाव इथं कुलपात बरोबर बसतं. शेकरूचं नाव राटुफा इंडिका. राटुफा या प्रजातीत जगात चारच जाती आहेत. त्यातली इंडिका फक्त भारतात, दुसरी काळी मोठी खार ईशान्येकडे, एक दक्षिण भारत नि श्रीलंकेत, आणि एक आग्नेय आशियात. इंग्रजीत नुसतं 'जायंट स्क्विरल' शोधलं तर चौघी बहिणी एकत्र येतात. राटुफा इंडिका म्हटलं की तांबूस पाठीची, फिकट पोटाची, लांबलचक झुबकेदार शेपटीची आपली तीच येते. त्यातही प्रदेशागणिक रंग बदलतात, पण निदान जात तरी बरोबर.

ब्लू मॉरमॉनच्या वेळी उलटंच झालं. 'ब्लू' गळालं आणि नुसतं 'मॉरमॉन' शोधलं गेलं. पडद्यावर पांढरीशुभ्र मंदिरं आणि कोटटाय घातलेली गोरी मंडळी. मॉरमॉन हा अमेरिकेतला एक धर्मपंथ. आपल्याकडच्या कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या माद्या तीन वेगवेगळ्या रूपांत दिसतात, म्हणून इंग्रजांनी गमतीनं बहुपत्नीक पंथाचं नाव त्याला दिलं आणि ब्लू मॉरमॉन त्याच गोत्रातलं. २०१५ मध्ये महाराष्ट्र राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं पहिलं राज्य झालं, तेव्हा 'राणी पाकोळी' हे सुरेख मराठी नाव पुढे आलं. शोधताना मात्र ते आपल्याला फारसं कामाला आलं नाही. पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर म्हटल्याबरोबर काळ्या पंखांवर निळी झाक घेऊन पाहुणे हजर.

आणि मग हरियाल. इथं शब्द संपले आणि डोळ्यांचं काम सुरू झालं.

हरियाल म्हणजे हिरवं कबूतर, पण हिरवी कबुतरं भारतात अर्धा डझनहून जास्त जातींची आहेत आणि फोटोत ती एकमेकांसारखीच दिसतात. शोधात तिला सात चित्रं आवडली. सगळी हिरवी, सगळी गुबगुबीत. मी विचारलं, "पाय बघितलेस का?"

तिनं चित्र मोठं केलं. पहिल्याचे पाय पानाआड होते. दुसऱ्याचे लालसर. तिसऱ्याचेही लालसर. चौथा पिंपळाच्या फांदीवर नीट बसला होता, करडं डोकं, खांद्यावर जांभळट डाग आणि हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक पाय. हाच तो. हरियालाचं इंग्रजी नावच 'पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर' असं आहे. बाकीच्या हिरव्या कबुतरांचे पाय लाल-गुलाबी. सातांपैकी दोनच हरियाल निघाले. उरलेल्या पाचांखाली काय लिहिलं होतं ते तिनं वाचलं, तर तीन ठिकाणी नाव बरोबर होतं, वेगळ्याच जातीचं. यंत्रानं खोटं सांगितलं नव्हतं. 'हिरवं कबूतर' मागितलं होतं, हिरवं कबूतर दिलं.

त्यानंतर ती प्रत्येक चित्राकडे संशयानं बघू लागली. मग मी तिला एक जुना फोटो दाखवला. दर दिवाळीला मोबाइलवर येणारा, अवकाशातून दिसणारा भारत, जागोजागी निळे, हिरवे, लाल आणि पांढरे दिवे. 'दिवाळीच्या रात्री नासानं टिपलेला भारत' अशी त्याखाली ओळ असते. तिलाही तो आला होता आणि तिनं तो तीन मैत्रिणींना पाठवला होता.

ते चित्र खरं आहे, पण दिवाळीचं नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतले शास्त्रज्ञ क्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये ते उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तयार केलं. वस्ती आणि वीज कशी पसरत गेली हे त्यातून दाखवायचं होतं. पांढरं म्हणजे १९९२ च्या आधीपासूनचे दिवे, निळं १९९२ मध्ये दिसू लागलेलं, हिरवं १९९८ मधलं, लाल २००३ मधलं. रंग दिव्यांचे नाहीतच, वर्षांचे आहेत. हे चित्र इतकं फिरलं की नोव्हेंबर २०१२ च्या दिवाळीत नासानं खरा रात्रीचा फोटो प्रसिद्ध केला. त्यात भारत नेहमीसारखाच दिसतो. आपल्या पणत्यांनी आणि माळांनी पडणारी भर अवकाशातून जाणवण्याइतकी नसते, असं त्यांनी सांगितलं. भाची थोडी हिरमुसली. मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा तसंच झालं होतं.

असं चित्र पकडायची सोपी युक्ती म्हणजे उलटा शोध. शब्द देऊन चित्र मागण्याऐवजी चित्र देऊन 'हे आधी कुठं कुठं आलंय' असं विचारायचं. 'टिनआय' नावाचं यंत्र २००८ पासून हे करतं, गूगलनं २०११ मध्ये सुरू केलं. जुन्यात जुनी नोंद शोधली की मूळ धन्याच्या घरापर्यंत पोचता येतं. यंत्रानं स्वतः रंगवलेली चित्रं आता जागोजाग मिसळू लागलीत, त्यांना मात्र असं घरच नसतं. एका शेकरूच्या पुढच्या पंजाची बोटं मोजताना भाचीनं "मामा, हा कोण?" असं विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ते चित्र आम्ही सोडून दिलं.

राहिला प्रश्न चित्र घ्यायचं की नाही याचा. गूगलच्या पडद्यावर दिसलं म्हणजे ते गूगलचं नव्हे, आणि आपलंही नव्हे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात शिकण्या-शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या वापराला सूट आहे, त्यामुळे वहीतल्या हरियालासाठी कुणी दारात उभं राहणार नाही. तेच चित्र शाळेच्या छापील वार्षिकात किंवा यूट्यूबवर गेलं की गोष्ट बदलते. म्हणून मला विकिमीडिया कॉमन्स आवडतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात आता १० कोटींहून अधिक फाइली आहेत, आणि प्रत्येकीखाली ती कुणाची, कोणत्या अटीवर वापरायची आणि बहुतेकदा कुठं काढलेली हे लिहिलेलं असतं. मुलांसाठी म्हणून चाळलेलं ते नाही, तेव्हा शेजारी मोठ्या माणसानं बसावं. पण हरियालाखाली गावाचं नाव आणि तारीख वाचायला मिळते, ही चाळणीपेक्षा मोठी गोष्ट आहे. तिनं वहीत चित्राखाली छायाचित्रकाराचं नाव लिहिलं. "बाई विचारतील हे कोण," असं म्हणाली. विचारू देत की.

सगळी चित्रं झाली, पापलेट तेवढं अडून बसलं. वजाबाकी करूनही जे उरलं त्यात काळसर हलवाच जास्त. इंग्रजीत त्यालाही पॉम्फ्रेट म्हणतात, पण तो पापलेटाच्या भावकीतलासुद्धा नाही, वेगळ्याच कुळातला. शेवटी रविवारी सकाळी आम्ही दोघं मासळीबाजारात गेलो. बर्फाच्या चुऱ्यावर एक चंदेरी पापलेट होतं, चौकोनी ताटलीसारखं, शेपटीची टोकं सुरीसारखी. ती ओणवी होऊन मोबाइल धरून उभी राहिली, अगदी जवळून, मग थोडं लांबून, मग डोळा येईल असा.

कोळीण मावशी तिचा सगळा खटाटोप बघत होत्या.

"काय गो, फोटो काढून जाशील, का नेशील पण?"

"मावशी, जरा त्याला सरळ ठेवा ना, कल्ला दिसत नाहीये."

त्यांनी कल्ला वर करून दाखवला. लालबुंद होता. "असा बघून घ्यायचा," त्या म्हणाल्या, "नायतर कालचा पण ताजाच दिसतो."